देवा, एक काम होतं

तिला नीट पाहायचं असेल तर आधी दोन पावलं मागे सरावं लागतं. जवळून ती एका नजरेत मावत नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तिचं फोटोंना फ्रेमा करून देण्याचं दुकान आहे, आणि ती दारात उभी राहिली की दुकान बंद आहे असं समजून गिऱ्हाइकं परत जातात. हे मी तिच्या तोंडावर बोललेलो आहे, त्यामुळे आता पाठीमागे बोलायला मोकळा आहे. गल्लीत तिला सगळे चौकट म्हणतात. धंदा चौकटींचा, बांधा चौकटीचा, आणि बोलणं असं काटकोनात की वाद घालायला कुठे फटच सापडत नाही.

आवाजाचं तर विचारू नका. फोनवर तिच्याशी बोलणारा हमखास ‘हो साहेब, चालेल साहेब’ करतो. आधी ती चिडायची, मग तिने नाद सोडला. हल्ली ती सरळ ‘देतो पाठवून’ म्हणते आणि फोन ठेवते. साहेब तर साहेब.

असल्या या साहेबाला जगात एकच माणूस ‘पिटुकली’ म्हणायचा. तिचे वडील.

त्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणायचो. बाबा म्हणजे काडी. कानावर पेन्सिल अडकवली की मान त्या बाजूला कलेल असं वाटायचं. एवढ्याशा माणसाची एवढी मुलगी कशी, यावर इमारतीत पुष्कळ चर्चा झालेली आहे आणि तिच्यात माझाही वाटा आहे. पण जन्मली तेव्हा ती म्हणे त्यांच्या कामाच्या पट्टीएवढीच होती. आई लवकर गेली. बाबांनी मग दुकानातच मुलगी वाढवली. एका हातात काच कापायचा हिरा, दुसऱ्या हातात हिची वेणी. मुलगी वाढत गेली, नाव काही वाढलं नाही. ‘पिटुकले, काच धर गं,’ अशी आतून हाक यायची, गिऱ्हाईक कौतुकाने खाली गुडघ्याच्या उंचीवर बघायचं, आणि पडदा सारून ही बाहेर यायची. मग गिऱ्हाइकाची नजर हळूहळू वर वर जायची. तो तमाशा बघायला मी मुद्दाम तिथे रेंगाळायचो.

त्या एका हाकेवर तिची सगळी मदार होती, हे मला फार उशिरा कळलं.

बाबांचं विसरणं नावांपासून सुरू झालं. पण माणूस जुन्या वळणाचा, अतिशय सभ्य. समोरच्याला ‘तुम्ही कोण’ असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान, असं मानणारा. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. ज्याचं नाव आठवेना त्याला ‘देवा’ म्हणायचं. गॅसचा सिलिंडर आणणारा आला की, ‘देवा, जपून, पायरी तुटलीय.’ डॉक्टर तपासायला आले की, ‘देवा, हात गार आहेत हो तुझे.’ डॉक्टर खूश. म्हणाले, एरवी लोक घरी गेल्यावर नावं ठेवतात, इथे तोंडावर देवपण मिळतंय. मला बाबा लहानपणापासून पाजी म्हणायचे, कारण मी त्यांच्या दुकानातल्या फोटोंना पेन्सिलीने मिशा काढायचो. तोच मी एके दिवशी जिन्यात भेटलो तर म्हणाले, ‘कसा आहेस देवा?’ मी छाती फुगवून घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आजार बराच पुढे गेलाय.”

बाबा खिडकीत येणाऱ्या मांजरालासुद्धा देवा म्हणायला लागले, तेव्हा आम्ही हसलो. चौकटपण हसली. तिचं नाव शाबूत होतं ना.

मग एका सकाळी ती शेजारच्या दारातून आमच्याकडे साखर मागायला आली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, तर हिने भांडंच आणलं नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि फरशीकडे बघत म्हणाली, “चहा दिला, तर ‘ठेव देवा’ म्हणाले.”

बायको तिची समजूत काढायला लागली, की अगं ताई, ते सगळ्यांनाच म्हणतात.

“मी सगळ्यांतली आहे का?” ती म्हणाली.

माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, पण त्या वेळी मी साखरेचा डबाच तिच्या हातात दिला.

तिला फक्त एकदा ती हाक ऐकायची होती. बाबा बरे होतील अशी तिची काही समजूत नव्हती. डॉक्टरांनी तिला सगळं नीट सांगितलं होतं आणि तिने ते नीट ऐकलं होतं. पण ते जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून ‘पिटुकली’ निघावं. मग तिने चंगच बांधला. जुने फोटो काढले. ही कोण, सांगा बघू? बाबा फोटो हातात घेऊन म्हणायचे, ‘पट्टी छान बसवलीय, देवा. कोपरा बघ.’ मग स्वतःच स्वतःला हाका मारून पाहिल्या. ‘पिटुकली आली हो बाबा!’ तर बाबांनी कौतुकाने दाराकडे पाहिलं, की कोण लहान मूल येतंय. तिने दुकानातून हिरा आणि काचेचा तुकडा वर नेला. बाबांच्या हाताने काच अशी कापली की जणू पाण्यावर रेघ ओढली, पण तुकडा हातात देताना म्हणाले ते ‘घे देवा’च.

उंटावरून शेळ्या हाकायला आम्ही होतोच. मी म्हटलं, ताई, तू लप. आपलं माणूस दिसेनासं झालं की आपोआप नाव तोंडात येतं. माझं ऐकून ही बाई खरंच पडद्यामागे जाऊन उभी राहिली. बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग ते पडद्याला म्हणाले, “देवा, बाहेर ये. पाय दिसताहेत.”

ती बाहेर आली. माझ्याकडे तिने जे पाहिलं, त्यानंतर मी आठवडाभर मागच्या जिन्याने ये-जा केली.

या सगळ्याचा राग तिने कुणावर काढावा? लोक अडचणीत देव पाण्यात घालून बसतात. हिने देव भिंतीकडे तोंड करून बसवले. दुकानात गिऱ्हाइकांच्या तसबिरी असतातच, निरनिराळ्या देवांच्या, संतांच्या, फरिश्त्यांच्या. काच बसवून झाली की ती एकेकाला उलटं फिरवून भिंतीला टेकवायची. शाळेत दंगा करणाऱ्या पोरांना करतात तसं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, काही उपयोगाचे नाहीत, राहू देत तसेच. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्या प्रवचनाला अर्धविराम नसतो, त्या तिला सांगायला आल्या की बाई गं, असं करू नये, मनापासून हाक मार, तो ऐकतो. त्यावर चौकट म्हणाली, “काकू, घरात दिवसभर मलाच देवा म्हणतात. मी कुणाला म्हणू?”

काकू प्रवचन अर्धवट टाकून जिना चढल्या, असं इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

रडताना मात्र तिला कुणी पाहिलं नाही. एकदा बायकोजवळ बोलली होती, की माणूस समोर चहा पीत बसलेलं आहे आणि आपण त्याच्यासाठी रडायचं, याची लाज वाटते. गेलेल्यासाठी रडावं. बसलेल्यासाठी कसं रडायचं? तर तिने त्यावरही आपली वाट काढली होती. दुकानात मागच्या बाजूला फ्रेमच्या लाकडी पट्ट्या कापायचं मशीन आहे. ते सुरू झालं की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून जातात. लाकूड लागलं की त्याचा आवाज बदलतो, घोगरा होतो. त्या दिवसांत मशीन चालू असायचं आणि आवाज बदलायचाच नाही. नुसतं रिकामं फिरत राहायचं. मी बाहेरून जाता-येता ऐकायचो. मला वाटायचं, हे आपल्याएवढ्या चोंबड्या माणसालाच कळलं असणार. म्हणून कधी नव्हे ती ही एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही.

बाबांचं चालणं थांबलं, मग उठून बसणंही दुसऱ्याच्या आधाराने. दुपारी चादर बदलायच्या वेळी ती मला हाक मारायची. बाबांचं वजन काय, रिकाम्या फ्रेमएवढं. ती एकटीही उचलू शकली असती, पण एकीकडे चादर आणि एकीकडे बाबा असं होत नाही. त्या दुपारी आम्ही त्यांना उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. ते कलंडू नयेत म्हणून मी मागे त्यांचे खांदे धरून उभा राहिलो. चादर बदलून झाली. ती खाली बसून त्यांना मोजे घालायला लागली. पाय गार पडलेले होते. बाबा बराच वेळ तिच्या डोक्याकडे बघत होते.

मग, कुणाकडे उधार मागायला जावं तशा संकोचाने म्हणाले, “देवा, एक काम होतं.”

“बोला बाबा,” ती मोजा चढवत म्हणाली. तिला वाटलं, पाणी हवं असेल.

“सवड आहे ना तुला?”

“आहे.”

“माझी एक मुलगी आहे. पिटुकली.”

मोजा घोट्यापाशी थांबला. माझे हात त्यांच्या खांद्यांवर होते, ते मी तसेच ठेवले. श्वाससुद्धा जपून घेत होतो, आवाजाने काही बिघडेल म्हणून.

“नावाची पिटुकली हां,” बाबा म्हणाले. “दिसायला चांगली दांडगी आहे. लोक घाबरतात तिला. घाबरू देत. पण काच आहे, देवा. जाड काच. लोकांना वाटतं जाड काच फुटत नाही.” त्यांना दम लागला. थोडं थांबून म्हणाले, “मी गेल्यावर तिला सांभाळशील?”

तिने मोजा घोट्यावरून वर ओढला. मान खाली. मला वरून फक्त तिचा भांग दिसत होता.

“आत्ताच तिला सांगू नकोस पण. रडेल. रडू आलं की खाली मशीन लावते. तिला वाटतं, मला वर कळत नाही. रिकाम्या मशीनचा आवाज मला कळणार नाही का?”

म्हणजे ज्या गुपिताचा मी एकटा मालक समजत होतो, ते वरच्या खोलीत, सगळ्यांची नावं हरवून बसलेल्या माणसाने बिछान्यात पडल्या पडल्या कधीच ओळखलेलं होतं.

“सांभाळशील ना?” बाबांनी पुन्हा विचारलं. मग जरा काळजीने, “की दुसऱ्या कुणाला विचारू?”

“सांभाळतो,” ती म्हणाली.

सांभाळतो. फोनवरचा तो साहेबी आवाज मी शंभरदा ऐकलाय, पण हा तो नव्हता. ‘मीच ती पिटुकली हो बाबा, मीच’ असं ती म्हणू शकली असती. महिनोन्महिने तेच तर तिला म्हणायचं होतं. पण बाबा देवाशी बोलत होते, आणि त्यांना उत्तर देवाकडूनच हवं होतं. तर तिने स्वतःला बाजूला सारून ते दिलं.

“वेळेवर जेवत नाही ती.”

“जेवायला लावतो.”

“गुडघा दुखतो तिचा. कुणाला दाखवत नाही.”

“दाखवायला लावतो.”

“शब्द?”

“शब्द.”

बाबांचे खांदे माझ्या हाताखाली सैल झाले. म्हणाले, “मग झालं. आता तेवढा दुसऱ्या पायाचा मोजा घाल, देवा. गार लागतंय.”

बाबा झोपल्यावर ती बाहेर जिन्याच्या कठड्याशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता खाली जाणार आणि मशीन लावणार. पण ती तिथेच हसायला लागली, आणि हसता हसताच डोळ्यांना धारा लागल्या, त्या पुसायचीही तिला आठवण राहिली नाही. म्हणाली, “अरे, मी शब्द देऊन बसले रे. देवाच्या वतीने.”

मी म्हटलं, “आता पाळावा लागेल. आणि त्याला विचारलं पण नाहीस तू.”

“त्याला सांगते ना आता,” ती म्हणाली आणि खाली गेली.

मी मागोमाग गेलोच. ते काय सांगायला हवं? दुकानात ती भिंतीकडे तोंड केलेल्या तसबिरी एकेक करून वळवत होती. प्रत्येकीची काच ओढणीने पुसायची आणि त्या त्या देवाला दम द्यायची. “वळा. तुमच्या वतीने कबूल करून आलेय. मला तोंडघशी पाडायचं नाही. तुम्हीही वळा. काय, ऐकलंत?” मी पुष्कळ लोकांना प्रार्थना करताना पाहिलंय. कुणी हात जोडतं, कुणी डोळे मिटतं. कामावरच्या सहकाऱ्याशी बोलावं तशी प्रार्थना मी पहिल्यांदा ऐकली.

बाबा त्यानंतर काही आठवडे होते. तिला देवाच म्हणत होते. पण आता त्यांनी देवा म्हटलं की ती ‘ओ’ द्यायची, कुरकुर न करता, आणि एखाद्या दुपारी तर स्वतःहून सांगायची, ‘बाबा, तुमची मुलगी आज वेळेवर जेवली हां.’ बाबा समाधानाने मान हलवायचे. ते गेले सकाळी, ऊन खिडकीतून पायांवर आलेलं असताना, तिचा हात हातात धरून. त्या दिवशी ती रडली. दारं उघडी टाकून रडली. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांनी ऐकलं, आणि मशीन बंद होतं.

मला भीती होती ती नंतरची. एक माणूस गेल्यावर घर एवढं मोठं झालं होतं, त्यात ही एकटी. पण जेवायच्या वेळेला दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. कुणी तातडीचं गिऱ्हाईक वाकून आत डोकावलं तर ही डबा उघडून बसलेली. तो म्हणाला, बाई, दोन मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, “जेवतेय. वरून हुकूम आहे.” त्याला वाटलं, वरच्या मजल्यावरून. गुडघ्याचं दुखणं तिने वर्षानुवर्षं अंगावर काढलं होतं, तर एक दिवस स्वतः उठून डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी विचारलं, आजच कशा आलात? म्हणाली, शब्द दिलेला आहे. एखाद्या दिवशी तिला उठवत नाही, हे मला माहीत आहे. भिंत आमची एकच आहे. अशा सकाळी पलीकडून तिचा आवाज येतो, तो जाडा, साहेबी. “ऊठ पिटुकले. सांभाळतो म्हटलंय ना?” मग भांडी वाजतात. तो आवाज तिचा की तिने ज्याच्या वतीने शब्द दिला त्याचा, हे तिला मी एकदा खोडी काढायला विचारलं. ती म्हणाली, “मलाही कळत नाही कधीकधी. कळायला कशाला पाहिजे?” आणि चहा ओतला. देव पावला म्हणतात, तो बहुधा असाच, दुसऱ्याच्या घशातून बोलत पावत असावा. हे मी काकूंना सांगितलं तर त्यांनी ते आपल्या प्रवचनात घातलं, माझं नाव न घेता.

आणि मग पाटीचा दिवस आला.

दुकानावर बाबांच्या काळची पाटी होती, अक्षरं उडालेली. रंगारी आला, शिडी लावली, आणि काय लिहायचं ते विचारलं. तिने सांगितलं. रंगाऱ्याला वाटलं, लहान मुलांच्या खेळण्यांचं दुकान काढताहेत. त्याने दोनदा विचारून घेतलं. अक्षरं तो आखून देत होता तोवर तिला धीर निघेना. तिने त्याला खाली उतरवलं आणि स्वतः ब्रश घेऊन चढली. शिडी करकरली. मी आणि रंगारी दोन्ही बाजूंनी शिडी धरून उभे, आमच्या दोघांच्या बायका विधवा होतात की काय अशा भीतीने. गल्ली जमली. सिलिंडरवाला थांबला. डॉक्टर दवाखान्याच्या दारात आले. मांजरसुद्धा आलं. भर उन्हात, बरा झालेला गुडघा शिडीच्या दांड्यावर रोवून, तिने एकेक अक्षर हातभर मोठं रंगवलं.

पिटुकली फ्रेम्स.

लोक पाटीकडे बघत, मग तिच्याकडे बघत, आणि हसत. तीही वरूनच हसत होती, नाकाला निळा रंग लागलेला. ज्या हाकेसाठी ती पडद्यामागे लपली होती, ती आता गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा हिज्जे लावून मोठ्याने वाचत होतं. वाचा म्हणाली. मोठ्याने वाचा.

हल्ली नवीन गिऱ्हाईक आलं की पाटी वाचून आत डोकावतं आणि विचारतं, पिटुकली आहे का? आणि सवयीने खाली, गुडघ्याच्या उंचीवर बघतं. पडदा सरतो. गिऱ्हाइकाची नजर वर वर जाते.

“मीच,” ती म्हणते. “बोला देवा, काय काम होतं?”

सगळ्यांना ती आता देवा म्हणते. तिला तर सगळ्यांची नावं पाठ आहेत. मी म्हटलं, ताई, मलाही कधी देवा म्हण की, बाबा म्हणायचे मला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग दारालगतच्या एका नव्या कोऱ्या तसबिरीकडे पाहिलं. तिच्यातल्या संताला पेन्सिलीची बारीकशी मिशी फुटलेली होती.

“तू पाजीच राहा,” ती म्हणाली आणि खोडरबर माझ्या हातात दिला.